जपानी बांबूची विणलेली भांडी रोज वापरायची तर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जपानी बांबूच्या झारूचा, म्हणजे त्या पसरट विणलेल्या थाळीसारख्या चाळणीचा फोटो कुठेही टाकला की खाली तेच ते प्रश्न येतात: बुरशी येत नाही का, साबण चालतो का, एवढी महाग कशाला, आपल्या बुरुडाकडे मिळत नाही का. म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतेय. ही भांडी शोकेससाठी नाहीत, रोज ओली करून रोज वाळवायची आहेत, आणि खालचं बरंचसं ह्या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

नक्की कुठल्या भांड्यांबद्दल बोलतोय आपण?

मुख्य म्हणजे झारू आणि कागो. झारू म्हणजे पाणी निथळायचं उथळ भांडं, तांदूळ धुतल्यावर ओतायला, उकडलेल्या भाज्या काढायला, थंड सोबा (कुट्टूच्या पिठाच्या) नूडल्स वाढायला, आणि कागो म्हणजे टोपली, तिचे शंभर प्रकार, फळांची, ब्रेडची, चमचे-चॉपस्टिक ठेवायची, डब्याची. त्याशिवाय छोटे ट्रे, कोस्टर, पाहुण्यांना ओला रुमाल देतात तो ठेवायची लहानशी विणलेली पट्टी, वाफवायच्या लाकडी सेइरोचं विणलेलं झाकण. जुन्या घरांत मेशिकागो असायची, झाकणाची आणि कडीची टोपली, तिच्यात शिजलेला भात भरून वारा लागेल अशा सावलीच्या जागी टांगायचे कारण फ्रिज नव्हता आणि उन्हाळ्यात बंद भांड्यात भात आंबायचा. मॅचाचा चासेन, म्हणजे तो हिरव्या चहाची पूड घुसळायचा ब्रश, पण बांबूचाच, पण तो विणत नाहीत, बांबूच्या एकाच तुकड्याचं टोक बारीक बारीक चिरून करतात, नारा प्रांतातलं ताकायामा त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो वेगळा विषय, इथे घेत नाही.

हे सगळं बेप्पूलाच बनतं का?

नाही, पण बेप्पूचं नाव सगळ्यात मोठं आहे आणि ते उगाच नाही. बेप्पू म्हणजे क्युशू बेटावर ओइता प्रांतातलं गरम झऱ्यांचं गाव. एडो काळात (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) लोक तिथे औषधी स्नानासाठी यायचे ते एक-दोन दिवसांसाठी नाही, आठवडा-दोन आठवडे खोली घेऊन राहायचे, स्वतःचं जेवण स्वतः करायचे, त्यामुळे झारू, भाताची टोपली, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) गाळायची चाळणी असलं सामान त्यांना रोज लागायचं आणि परत जाताना तेच घरी न्यायचे. म्हणजे ह्या कारागिरीचा पाया मुळात स्वयंपाकघरातला आहे. 1902 मध्ये तिथे मुलांना हा धंदा शिकवायची शाळा निघाली, 1979 मध्ये बेप्पूच्या बांबूकामाला जपान सरकारने पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली, आणि आजही ओइता प्रांताचं बांबू प्रशिक्षण केंद्र बेप्पूतच आहे, दोन वर्षांचा कोर्स, देशभरातून लोक येतात, नोकऱ्या सोडून आलेलेही असतात. शोनो शोउनसाई (1904 ते 1974) हे बेप्पूचेच, 1967 मध्ये बांबूकामासाठी 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळालेले पहिले कलाकार. त्यांचं काम म्युझियममधलं आहे, ते बघाच, पण त्याच गावात त्याच बांबूची भाजी निथळायची झारूही विणली जाते, आणि मला त्या गावाचं कौतुक आहे ते ह्यासाठी.

बाकी प्रत्येक भागाचा आपला बांबू आणि आपलं भांडं. ओकायामातल्या कात्सुयामाला सालीसकटची आणि साल काढलेली अशा दोन्ही पट्ट्या वापरून झारू विणतात, त्यामुळे हिरवा-पांढरा असा खेळ दिसतो. नागानोच्या तोगाकुशीला डोंगरात बर्फ पडतो, तिथे नेमागारिताके नावाचा बारीक, चिवट बांबू मिळतो, बर्फाच्या ओझ्याने बुंध्याशी वाकलेला, त्याच्या गोल झारूवर सोबाचे छोटे छोटे पुंजके मांडून पाण्यासकट वाढतात. यामानाशी आणि इवातेकडे सुझुताके. मियागीतल्या इवादेयामाला शिनोदाके, तिथले लोक बांबूची गुळगुळीत साल भांड्याच्या आतल्या बाजूला येईल असं विणतात म्हणजे पाणी पटकन निथळतं आणि तांदळाचे दाणे चिकटत नाहीत. शिझुओकाचं सुरुगा काम तर विणकाम नाहीच म्हणायचं, काड्यांसारख्या गोल बारीक सळ्या भोकांत बसवून करतात, दिसायला अप्रतिम पण ओलं काही ठेवायला नाही.

बांबू कुठला असतो? आपल्याकडचा चालला नसता का?

बेप्पूला मुख्यतः मादाके. पेरं लांब, गाठी फार फुगलेल्या नाहीत, धागा सरळ आणि पट्टी वाकवली तर मोडत नाही. मोसो जातीचा बांबू जाड असतो, त्याचे डाव, चमचे, चॉपस्टिक, खिसणी असं कोरीव सामान जास्त होतं. बांबूचं एक आहे की तो जमिनीतून वर येतो तो त्याच्या पूर्ण जाडीचा कोंब घेऊनच येतो, नंतर घेर वाढत नाही, थोड्याच आठवड्यांत उंची पूर्ण होते आणि मग पुढची दोन-तीन वर्षं नुसता आतून टणक होत जातो. म्हणून तोडायचा तो तीन-चार वर्षांचा, कोवळा तोडला तर वाळल्यावर आकसतो. आणि तोडायचा पानगळीपासून थंडीपर्यंत, तेव्हा त्यात पाणी आणि पिष्ट कमी असतं, कीड कमी लागते. आपल्याकडे जुनी माणसं बांबू कधी तोडायचा ह्याबद्दल एवढी काटेकोर का असतात ते ह्याच्यात आलं.

1960च्या दशकात जपानभर मादाकेला फुलं आली. ही फुलं साधारण 120 वर्षांनी येतात आणि फुलला की बांबू वाळतो, बनंच्या बनं गेली. तेव्हाच स्वस्त प्लास्टिकची झारू घराघरात शिरत होती. बांबू मिळेना आणि गिऱ्हाईक पण थांबेना, कितीतरी घरांतला धंदा तेव्हा बंद पडला. नवीन बनं उभी राहिली पण सुटलेले हात सगळे परत आले नाहीत.

आपल्याकडचे मानवेल, माणगा हे बांबू उत्तम आहेत, पण भरीव किंवा जाड भिंतीचे, टिकाऊ टोपल्यांना आणि फर्निचरला जास्त चांगले. बांबूप्रमाणे भांडं बदलतं, कमी-जास्त काही नाही त्यात.

एवढी महाग का असतात? शेवटी टोपलीच ना.

हा प्रश्न मनापासून विचारणाऱ्यांना मी नेहमी एकच सांगते, विणताना बघू नका, त्याच्या आधीचं बघा. विणणं हे कामाच्या शेवटी येतं. आधी बांबू तोडायचा, धुवायचा, तेल काढायचं (त्याचं खाली लिहिलंय), उन्हात ठेवायचा. मग चिरायचा, अर्धा, पाव, त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा, एका हातात जाड पात्याचा कोयता आणि दुसऱ्या हातातला बांबू, पातं एकदा आत बसलं की बांबू पुढे ढकलायचा. चीर एका बाजूला पळायला लागली की जाड बाजूकडे बांबू वाकवून ती परत मधोमध आणायची, हे डोळ्याने नाही हाताला कळतं. मग साल आणि गर वेगळा करायचा, साल ठेवायची, गर बहुतेक टाकायचा, मग सालीच्या पट्टीचा परत पातळ थर काढायचा. प्रत्येक गाठीपाशी धागा वळतो आणि पातं तिथेच घसरतं, म्हणजे एका लांब पट्टीला चार गाठी असतील तर चारदा ती वाया जायची शक्यता.

मग रुंदी. लाकडाच्या ओंडक्यावर दोन छोटी पाती हव्या तेवढ्या अंतरावर ठोकतात आणि प्रत्येक पट्टी त्यांच्या मधून ओढतात, दोन्ही कडा एकदम तासल्या जातात, सगळ्या पट्ट्या अगदी एका रुंदीच्या होतात. मग कडांची धार मोडायची, नाहीतर तांदूळ धुताना बोट कापेल. मग जाडी, परत एका पात्याखालून ओढून, ओढून, ओढून. ह्या तयार पट्टीला हिगो म्हणतात. बारीक कामात ती मिलिमीटरच्याही आत असते. 'चिरायला शिकायला तीन वर्षं' असं तिथल्या कारागिरांत म्हणतात ते चिरण्याबद्दल आहे, विणण्याबद्दल नाही!

आणि शेवटी काठ. आतून एक पट्टी, बाहेरून एक पट्टी, मध्ये विणीची टोकं दाबून वेताने गुंडाळून बांधायचं. झारू खराब होते ती बहुतेक काठापासून, त्यामुळे चांगला कारागीर तिथे घाई करत नाही. हे सगळं धरलं तर हाताने केलेली साधी सोबा झारू काही हजार येनला मिळते ती मला महाग वाटत नाही. बारीक विणीचा डबा किंवा हँडबॅग मात्र कितीतरी पट महाग असते, तो खर्च रोजच्या वापरासाठी करायची गरज नाही.

विणीची नावं ऐकतो, योत्सुमे, आजिरो वगैरे. कुठली कशाला घ्यायची?

बेप्पूला आठ मूळ विणी शिकवतात आणि त्यांच्या मिश्रणातून दोनशेच्या वर प्रकार होतात, सगळे पाठ करायची गरज नाही. वापरणाऱ्याला चारच समजल्या तरी पुरे. योत्सुमे म्हणजे चौकोनी भोकांची, हलकी, फळं-बिस्किटं-चमच्यांना. मुत्सुमे म्हणजे षट्कोनी भोकांची, तीन दिशांनी पट्ट्या जातात त्यामुळे ओढाताण झाली तरी आकार सोडत नाही, कांदे-बटाटे ठेवायच्या टोपलीला हीच घ्या. गोझामे म्हणजे उभ्या जाड कांबींमधून बारीक पट्ट्या आडव्या दाबून दाबून घालतात ती, निथळायच्या झारूला ही, कारण फटी बारीक असतात, पाणी जातं पण तांदूळ जात नाही. आजिरो म्हणजे भोकं नसलेली घट्ट तिरकी वीण, ट्रे आणि डब्याला. तांदळासाठी म्हणून कोणी आजिरो विकत असेल तर घेऊ नका, पाणी निथळायला वाटच नाही तिला.

झारू उलटी करून बूड पण बघा. चांगल्या झारूच्या तळाला एक-दोन जाड पट्ट्या आडव्या घातलेल्या असतात, वजन त्या घेतात. आणि भांडं जमिनीला चिकटून न बसता किंचित वर राहतं, खालून वारा लागतो. ओट्यावर ठेवून बोटाने दाबून पहा, डुगडुगलं नाही पाहिजे.

काही हिरवी असतात, काही पांढरट, काही काळपट. फरक काय?

हिरवी म्हणजे आओदाके, तोडलेला बांबू न उकळता तसाच विणलेला. स्वस्तात स्वस्त आणि स्वयंपाकघरात सगळ्यात कामाची. हिरवा रंग काही महिन्यांत पिवळट होतो, मग वर्षांनी तांबूस मधासारखा. रंग उडाला म्हणून तक्रार करणारे असतात, पण तो त्याचा स्वभावच आहे.

पांढरट म्हणजे तेल काढलेला बांबू. बेप्पूला थोडा कॉस्टिक सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात बांबू उकळतात, सालीवर तेल येतं ते फडक्याने पुसून काढतात, मग उन्हात ठेवतात, हिरवा जाऊन हस्तिदंती रंग येतो. काही ठिकाणी आगीवर शेकून तेल काढतात. असा बांबू जास्त टिकतो आणि दिसायला स्वच्छ, टेबलावर वाढायला हा छान.

काळपट दोन प्रकारचा. एक रंगवलेला किंवा उरुशी म्हणजे जपानी लाखेचा हात दिलेला. दुसरा खरा सुसुताके, जुन्या गवती छपराच्या घरांत चुलीच्या धुराने शंभर-दीडशे वर्षं धुरावलेला, जिथे दोरी बांधलेली होती तिथे फिका पट्टा राहतो. अशी घरं कमी होत चालली, त्यामुळे खरा सुसुताके दुर्मिळ आणि फार महाग. रोजच्या भाजीला नको, उगाच.

घरी आणल्यावर पहिल्यांदा काय करायचं?

फार काही नाही. कोमट पाण्याने धुवा, मऊ ब्रशने वीण जाते त्या दिशेने घासा, सावलीत वाळवा. कडांवरून हात फिरवा, कुठे कुसळ लागलं तर तेवढंच बारीक सँडपेपरने घासा. तेल चोपडू नका! लाकडाच्या पोळपाटाला लावतात म्हणून बरेच जण लावतात, पण विणीच्या फटींत तेल अडकतं, नंतर खवट वास येतो आणि धूळ चिकटते.

रोज कसं धुवायचं? साबण चालतो का?

तांदूळ-भाजी निथळली असेल तर नुसतं पाणी आणि काथ्याचा ब्रश, बस. जपानी घरांत तावाशी नावाचा गोल काथ्याचा ब्रश असतो, आपल्याकडे नारळाच्या शेंडीचा घ्या, तेच काम. तेलकट असेल तर लिक्विडचा एखादा थेंब, लगेच धुवून टाका. पाण्यात भिजत घालून ठेवायचं नाही, रात्रभर सिंकमध्ये तर अजिबात नाही. भात चिकटून वाळला तर थोडा वेळ पाणी शिंपडून ओलं फडकं ठेवा, मग सुटतो.

धुतल्यावर झटकायचं, आणि आडवं ओट्यावर न ठेवता उभं करायचं किंवा खिळ्याला टांगायचं. ह्याच्यावर सगळं आयुष्य आहे भांड्याचं. आडवं ठेवलं की तळाच्या त्या जाड पट्ट्यांखाली पाणी राहतं आणि बुरशीची सुरुवात नेमकी तिथून होते.

डिशवॉशर? मायक्रोवेव्ह? ओव्हन?

तिन्हीला नाही. डिशवॉशरच्या गरम हवेने पट्ट्या तडकतात, मायक्रोवेव्हमध्ये जास्त वाळून करपू शकतं आणि काही भांड्यांच्या काठाला तार असते. वाफ चालते, सेइरोचं झाकण तर वाफेसाठीच आहे. गॅसच्या शेगडीजवळ वाळत ठेवू नका.

आपलं जेवण ह्यात चालतं का? रस्सा, हळद, तेल?

रस्सा साहजिकच नाही. पण भाकरी आणि पोळीसाठी झारू इतकी चांगली आहे की लोकांना आश्चर्य वाटतं. तव्यावरची भाकरी स्टीलच्या डब्यात टाकली की खालची बाजू वाफेने ओली होते, झारूवर टाकली तर वाफ खालून निघून जाते. दोन-चार मिनिटं तिथे ठेवून मग डब्यात घालायची. भजी, वडे, साबुदाणा वडा ह्यांना जपान्यांसारखं करायचं, ते तेंपुरा (त्यांची भजी) वाढताना खाली कागद घालतात, आपण टिशू किंवा केळीचं पान. थेट तेलकट टाकलं तर डाग पडणार, आणि हळदीचा डाग पांढऱ्या बांबूवरून कशानेही पूर्ण जात नाही, उन्हात ठेवलं तर थोडा फिका होतो. हिरव्या झारूवर तेवढा दिसत नाही, म्हणून मराठी घराला आओदाके जास्त मानवते असं माझं ठाम मत आहे.

मोड काढायला मटकी-मूग निथळत ठेवायला, कोथिंबीर-पालक धुऊन ठेवायला, उकडलेले बटाटे गार करायला, शेंगदाणे भाजून पसरायला, सगळ्याला चालते. मोठी असेल तर उन्हाळ्यात सांडगे, मिरच्या वाळवायला. तिकडे उमेबोशी, म्हणजे खारवलेली उमे फळं, जुलैच्या शेवटच्या कडक उन्हात अशाच मोठ्या झारूंवर तीन दिवस पसरतात, दोन फळांमध्ये जागा सोडून, मधून मधून उलटी करत. वाळवणाचं काम दोन्हीकडे तेच.

लिंबू, चिंच, दही वगैरे लागलं तर लगेच धुवा.

पावसाळ्यात बुरशी येते. काय करू?

मुंबई-कोकणात येणारच, घाबरू नका. जपानमध्ये पण जून-जुलैत त्सुयु असतो, पावसाळी दमट हवा, आणि तिथल्या बायकाही हेच करतात जे आपण करायला पाहिजे: वापरत राहायचं. हे उलटं वाटतं पण कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या टोपलीला आधी बुरशी येते, रोज धुऊन टांगलेल्या झारूला सहसा येत नाही. पावसाळ्यात धुतल्यावर पंख्याखाली ठेवा. आलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका (आत झटकलं तर बी सगळीकडे पसरतं), मग कडकडीत पाणी ओतून घासा किंवा रबिंग अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळवा, एखादा तास ऊनही द्या. दिवसभर उन्हात नको, कोरडं पडून तडकतं. काळे ठिपके राहिले तरी ते वरचे डाग असतात, वास नसेल आणि बुळबुळीत नसेल तर वापरायला हरकत नाही. ब्लीच वापरू नका, धागा कमजोर होतो.

खाली पिवळट पीठ पडतंय, ते काय?

भुंगा. अगदी बारीक तपकिरी किडा बांबूतलं पिष्ट खातो, टाचणीएवढं भोक आणि खाली मैद्यासारखी भुकटी. लगेच बाकीच्या टोपल्यांपासून वेगळं करा. लहान भांडं असेल तर उकळतं पाणी दोन-तीनदा भोकांवर ओता आणि कडक वाळवा, किंवा आधी पूर्ण कोरडं करून पिशवीत बंद करून काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पाणी सुटतं. खाण्याच्या भांड्यावर कीटकनाशक स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही. तेल काढलेल्या आणि थंडीत तोडलेल्या बांबूला हा त्रास बराच कमी होतो, घेताना विचारायचं ते हेच.

एक पट्टी तुटली. फेकायचं का?

अजिबात नाही. एक-दोन कांबी गेल्या तरी वीण धरून असते. टोचत असेल तर टोक कात्रीने कापून आत सरकवा. काठाचं वेत सुटलं असेल तर तेवढंच परत बांधता येतं, वेताची पट्टी पाण्यात भिजवून मऊ करायची आणि जुन्या भोकांतूनच घ्यायची. जपानमध्ये कारागीर दुरुस्ती करून देतात, आपल्याकडे जवळच्या बुरुडाला नेऊन दाखवा. नुसत्या काठासाठी चांगली झारू टाकून देणं हे मला बघवत नाही.

खरंच जपानमध्ये हाताने केलेली आहे हे कसं ओळखायचं?

जपानच्या दुकानांत मिळणारं बरंचसं बांबूसामान चीन, व्हिएतनामहून येतं, त्यातलं काही चांगलंही असतं, फक्त त्या किमतीला घ्यायचं. आधी लेबलवर कुठे बनलं ते वाचा. सरकारमान्य हस्तकलांना एक ठरावीक छापाचा स्टिकर असतो, पण छोटे कारागीर तो लावतातच असं नाही, नसला म्हणून खोटं नाही. मग वस्तू हातात घ्या. कडांवर धार लागते का? पट्ट्या एका जाडीच्या आहेत का? गाठी सगळ्या एकाच ओळीत येऊन तिथे भांडं कमजोर झालंय का? काठाला गोंदाचे चमकते थेंब किंवा स्टेपलची पिन दिसते का? आणि वास घ्या, जाड वॉर्निशचा किंवा केमिकलचा वास आला तर परत ठेवा. बांबूला स्वतःचा मंद, गवतासारखा वास असतो.

पॉलिश, लाख वगैरे जेवणाला सेफ आहे का?

निथळायच्या झारूला बहुतेक काहीच लावलेलं नसतं, तीच घ्या. उरुशी लाख पूर्ण वाळलेली असेल तर शेकडो वर्षं जपानी लोक त्यात जेवताहेत. नवीनच लाखलेलं असेल तर मात्र काही जणांच्या त्वचेला खाज येऊ शकते, थोडे आठवडे हवेशीर ठेवून मग वापरा. युरेथेन (प्लास्टिकसारखं) कोटिंग असलेली वस्तू सुका खाऊ आणि फळांसाठी ठीक, गरम भजी त्यावर नको.

डब्याला चालेल का?

कोरड्या डब्याला फार छान. ओनिगिरी (भाताचे दाबून केलेले गोळे), सँडविच, पोळीचा रोल, पुऱ्या आणि सुकी भाजी वेगळ्या छोट्या डबीत. घामट होत नाही म्हणून खाणं दुपारपर्यंत टवटवीत राहतं. आमटी-भाताला स्टीलचाच डबा.

मग आपल्या बुरुडाची रोवळी काय वाईट आहे?

वाईट? मुळीच नाही! तांदूळ धुवायला रोवळी, पाखडायला सूप, भाकरीला दुरडी, हे सगळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि नुसतं निथळायला भांडं हवं असेल तर आधी बाजारात जाऊन बुरुडाकडून घ्या, किमतीत घासाघीस करू नका. जपानी झारू घ्यायची ती तिच्या बारीक, एकसारख्या विणीसाठी, तयार केलेल्या कडांसाठी, थेट टेबलावर वाढता येते म्हणून. पट्टीची कड मोडणं आणि रुंदी बांधणं ह्या दोन गोष्टींचे पैसे मिळाले तर आपले कारागीरही तसं काम करतात, हात त्यांच्याकडे आहेच. लग्नात सूप-परड्या घेताना आपण सगळ्यात स्वस्त मागतो आणि मग फिनिशिंग नाही म्हणतो, हे चुकीचं आहे.

किती वर्षं टिकतं?

वापरावर. रोज तांदूळ निथळणारी आओदाके झारू नीट वाळवली तर सहज बरीच वर्षं जाते, टेबलावरची टोपली तर पुढच्या पिढीला जाते. सारखी ओलसर राहिली तर एका पावसाळ्यात संपते. पूर्ण गेलीच तर बागेत मातीत घाला, कुजून जाते, तार असेल तर आधी काढा.

एकच वस्तू घ्यायची तर कुठली?

24 ते 27 सेंटिमीटरची गोल, उथळ, गोझामे विणीची हिरवी झारू. चौघांच्या घराला पुरते, सिंकमध्ये मावते, खिळ्याला टांगता येते.

जपानला चाललोय, कुठे बघू आणि आणताना अडवतील का?

टोकियोत उएनो आणि असाकुसाच्या मध्ये काप्पाबाशी म्हणून स्वयंपाकघराच्या सामानाची अख्खी गल्ली आहे, तिथे बांबूची दुकानं आहेत. कोमाबाला लोककला म्युझियम आहे, 1936 पासूनचं, रोजच्या वापराच्या वस्तू किती देखण्या असू शकतात ते तिथे दिसतं. वेळ असेल तर बेप्पूलाच जा, फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून ट्रेनने साधारण दोन तास, तिथलं शहराचं बांबू केंद्र बघण्यासारखं आहे आणि स्वतः छोटी वस्तू विणून बघायची सोयही असते, आधी बुकिंग करा. तोगाकुशीला गेलात तर सोबा खाऊन झाल्यावर रिकामी झारू उचलून उलटी करून बघा.

भारतात येताना विणलेली तयार वस्तू घरच्या वापरासाठी सामानात आणायला सहसा अडचण येत नाही, पूर्ण कोरडी हवी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला राहत असाल तर मात्र बांबूची वस्तू फॉर्मवर लिहून दाखवावीच लागते, लपवलीत तर दंड होऊ शकतो, आणि त्यात किडा किंवा भुकटी दिसली तर ती काढून घेतात. बॅगेत झारू कपड्यांच्या मधोमध उलटी ठेवा आणि तिच्या पोटात मोजे भरा, म्हणजे काठावर वजन येत नाही.